शाळा सोडण्याचे कारण

"बाई, शताब्दीच्या स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास तुम्हीच लिहून द्या. चार पानं पुरेत," असं मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, तेव्हा मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. आमची खाजगी कन्याशाळा सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात आहे. १९२६ साली निघालेली. मी तिथेच पाचवीत दाखल झाले, तिथेच दहावी झाले आणि पुढे एकतीस वर्षं तिथेच मराठी शिकवलं. चार पानं लिहायला अवघड जाणार नाहीत असं मला वाटलं.

सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका माझ्याकडे होती, तीच समोर घेऊन बसले. शाळा काढणारे वकीलसाहेब, जागा देणारे सावकार, देणगीदारांची रकमेसह यादी, मुख्याध्यापिकांचे फोटो, मॅट्रिकचे निकाल. सगळं खरं आणि मोलाचं. पण पन्नास वर्षांच्या त्या इतिहासात मुलींची नावं शोधायला गेले तर बोर्डात चमकलेल्या तिघी-चौघी सोडून एकही नाव नाही. मुलींच्या शाळेच्या इतिहासात मुलीच नाहीत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. इतकी वर्षं ती स्मरणिका माझ्या कपाटात होती.

शाळेत गेले आणि शिपाईमामांना विचारलं, जुने कागद कुठे आहेत. मामा मला स्टेजच्या मागच्या खोलीत घेऊन गेले आणि त्यांनी पोटमाळ्याकडे बोट दाखवलं. "मधी एकदा रद्दीवाला बोलवला हुता, बाई. मी वर चढवून ठिवलं. म्हटलं, कुनीतरी इचारील." त्यांचं हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. पुढे जे काही सापडलं ते त्या एका माणसाने शिडी लावून वर चढवलं म्हणून सापडलं.

दोन पत्र्याच्या ट्रंका, एक लाकडी पेटी आणि सुतळीने बांधलेले गठ्ठे. खाली उतरवायलाच दोन दिवस गेले. एका ट्रंकेच्या तळाला वाळवीने बोगदा केलेला, कागदांचा अक्षरशः लगदा. बाकीच्यात कसर होती, उंदरांची घाण होती आणि पावसाळ्यातल्या ओलीचा कुबट वास. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. पापड-कुरडया वाळत घालाव्यात तशी ओलसर रजिस्टरं मी गच्चीवर उन्हात पसरली. संध्याकाळी बघते तर पानांचे द्रोण झालेले आणि एका हजेरीपटातली जांभळी शाई पार फिकी पडलेली. ती पुन्हा कधी गडद होणार नाही. पुण्यात पोथ्यांच्या जतनाचं काम करणाऱ्या एका ताईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी मला स्पष्ट सांगितलं: ऊन कागदाचं वैरी आहे. सावलीत, वारा खेळता ठेवून, पानांमध्ये टीपकागद घालून वाळवायचं. धूळ झाडायची ती मऊ कुंचल्याने, पुस्तकाच्या शिवणीकडून बाहेरच्या बाजूला. गंजलेल्या टाचण्या ओढून काढायच्या नाहीत, कागद खाली धरून हळू सरकवायच्या. आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावायचा नाही. त्याचा चिकटा कागदात उतरतो आणि पंधरा-वीस वर्षांनी त्या जागी तपकिरी पट्टा उरतो. त्यांच्याकडे पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. मी फाटक्या पानांना हातच लावला नाही. ती वेगळ्या पाकिटात ठेवली.

बांधायला मांजरपाट आणला, धुऊन त्याची कांजी घालवली आणि चौकोनी रुमाल शिवले. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांतच बांधलेले असतात, त्यावरून सुचलं. प्रत्येक रुमालात वेखंडाची पुरचुंडी. नववीच्या चार मुली शनिवारी मदतीला येऊ लागल्या. त्यांनी मोबाईल स्टँडला लावून खिडकीच्या उजेडात एकेका पानाचा फोटो काढायचा, बाजूला पट्टी ठेवायची, रजिस्टराचा आणि पानाचा नंबर चिठ्ठीवर लिहून तोही फोटोत घ्यायचा.

त्या मुलींपैकी एकीने एक दिवस मला हाक मारली. "बाई, हे कुणीतरी पेन्सिलीने गिरगटलंय, खोडू का?" तिच्या हातात खोडरबर होता. चाळीसच्या दशकातलं जनरल रजिस्टर होतं आणि शेऱ्याच्या रकान्यात, अगदी बारीक अक्षरात, काही तारखा लिहिलेल्या होत्या. मी नको म्हटलं. ऑफिसातल्या भाऊसाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, तपासणीच्या खुणा असतील. मलाही तसंच वाटलं. पण कुणी लिहिलेलं आपण पुसायचं नाही, एवढंच त्या दिवशी मुलींना सांगितलं.

ट्रंकांत काय काय होतं! संस्थेच्या सभांची इतिवृत्तं, रोजच्या जमाखर्चाची कीर्द आणि खतावणी, फीची रजिस्टरं, हजेरीपट, शिक्षिकांची मस्टरं, शाळेच्या सामानसुमानाचं डेड स्टॉक रजिस्टर, आवक-जावक, सूचनावह्या आणि तपासणीसाठी येणाऱ्या अधिकाऱ्यांचं शेरेपुस्तक. १८५४च्या वुडच्या खलित्यानंतर खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळायची सोय झाली, आणि अनुदान हवं तर हिशेब हवा, हजेरी हवी, तपासणी हवी. या देशातल्या खाजगी शाळांचे जुने कागद बहुतेक त्या ग्रँटपायी तयार झालेत. कुणी इतिहास लिहावा म्हणून ते ठेवले नव्हते, आणि म्हणूनच मला ते स्मरणिकेपेक्षा जास्त खरे वाटतात.

पहिल्या पाच वर्षांची कीर्द मोडीत आहे. मोडी मी नोकरीत असतानाच सुट्टीतल्या वर्गात शिकले होते, पण छापील कित्ता वाचणं वेगळं आणि एखाद्या घाईत असलेल्या कारकुनाचं अक्षर वाचणं वेगळं. आठवडाभर 'खडू'चं 'घडी' वाचत होते. हळूहळू डोळा बसला. खडू, फळा, सुतळी, घासलेट, माठ, शिवणाच्या सुया. आणि दर महिन्याला न चुकता एक ओळ: मुली आणणारी बाई, रुपये चार.

ही बाई सकाळी गल्लोगल्ली फिरून मुलींना घरून घेऊन यायची आणि शाळा सुटली की घरोघर सोडायची. त्या काळी मुलींना एकटं रस्त्यावर पाठवायला घरचे तयार नसत. मुलींच्या शाळा चालायच्या त्या अशा बायांच्या पायांवर. कोणत्या घरात सासुरवाशीण आजारी आहे, कुठे पोरीला आज चुलीशी बसवणार आहेत, कुठे गोड बोललं की आजी नातीला सोडते, हे तिलाच ठाऊक असणार. पाच वर्षांच्या कीर्दीत तिचं नाव एकदाही नाही. कागद संपतात तिथपर्यंत ती 'मुली आणणारी बाई' आहे. वकीलसाहेबांच्या तैलचित्राशेजारी तिच्यासाठी एक चौकट असायला हवी, रिकामी असली तरी चालेल, असं मी संस्थेच्या सभेत मांडलं. तिची ती ओळ असलेलं कीर्दीचं पान आता तिथे लावलंय.

इतिवृत्तात शाळेच्या वेळेवर झालेली चर्चा मी दोनदा वाचून काढली. वकीलसाहेबांनी म्हटलंय की पुण्याच्या हुजूरपागेसारखी शाळा आपल्या गावात व्हावी. एका सभासदाने हरकत घेतली की मुलींना दिवसभर डांबून ठेवलं तर घरची कामं शिकणार कधी. ठराव झाला तो साडेअकरा ते साडेतीनचा. हे वाचल्यावर मी हुजूरपागेचा इतिहास वाचायला बसले, कारण हा वाद मला ओळखीचा वाटला. १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित या मंडळींनी पुण्यात मुलींचं हायस्कूल काढलं. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर ते उभं राहिलं म्हणून लोक त्याला हुजूरपागा म्हणू लागले. मुलींना इंग्रजी आणि मुलांच्या बरोबरीचे विषय शिकवणारी शाळा. १८८७च्या सुमारास 'मराठा' पत्रातून टिळकांनी त्या अभ्यासक्रमावर आणि दिवसभराच्या वेळेवर कडाडून टीका केली. मुलींना मराठी, शिवणकाम, घरगुती गोष्टी शिकवाव्यात, आणि शाळा थोडाच वेळ असावी, असा त्यांचा आग्रह होता. टिळकांबद्दल माझ्या मनात आदर आहे, तरी या बाबतीत रानडे बरोबर होते असं मी ठामपणे म्हणते. चाळीस वर्षांनी आमच्या गावातल्या सभेत तोच वाद जसाच्या तसा झाला. मुलींची घरकामं आणि मुलींची शाळा यांची वेळ एकच असते, आणि दर पिढीत कुणीतरी घड्याळ मागे करायला बघतं.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट मनात घोळत होती. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. तो वाडा मोडकळीला आलेला मी पाहिलाय. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो उतरवला. तेव्हा मी इकडे ट्रंका उपसत होते. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाबद्दलचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आज दीडशेहून जास्त वर्षांनी तो आपण वाचतो, कारण कुणीतरी एका शाळकरी मुलीचं लिहिणं छापण्याच्या लायकीचं मानलं. इमारत जाते. मुलीने लिहिलेलं कुणी जपलं तर ते उरतं. मग मी आमच्या ट्रंकांत मुलींचं लिहिणं शोधू लागले, आणि त्याआधी मुलींची नावं.

नावं असतात ती जनरल रजिस्टरात. शाळेतलं सगळ्यांत महत्त्वाचं पुस्तक हेच. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीची शाळा, दाखल तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचे कारण, शेरा. दाखला काढायचा तो याच्यावरून. आमच्या ऑफिसात हे रजिस्टर लोखंडी कपाटात असतं आणि गेली काही वर्षं त्याला फार मागणी आहे. जातपडताळणीसाठी जुनी नोंद लागते. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून तर लोक पणजीचं नाव घेऊन यायचे. झेरॉक्स काढताना रजिस्टर उताणं दाबून दाबून त्याची शिवण उसवली होती. मी त्या लोकांना दोष देत नाही. कुणाच्या नातवाचं ॲडमिशन एका ओळीवर अडलेलं असतं. फोटो तयार झाल्यावर आता मूळ रजिस्टर उघडावं लागत नाही, यादीतून पान काढून देतात, याचं मला फार समाधान आहे. प्रदर्शनात मात्र जातीचा रकाना झाकूनच पानं लावायची असं आम्ही ठरवलं. कुणाच्या पणजीची जात भिंतीवर टांगायचा अधिकार आम्हाला नाही.

मी वाचत बसले तो रकाना शेवटून दुसरा होता, शाळा सोडण्याचे कारण. मुलांच्या शाळेच्या रजिस्टरात तिथे 'परीक्षा पास' किंवा 'परगावी' असतं. आमच्याकडे पानंच्या पानं वेगळी आहेत. घरकाम. आईचे आजारपण. भाऊ सांभाळणे. मोठी झाल्यामुळे. लग्न. पुन्हा लग्न. 'मोठी झाल्यामुळे' हे कारण अकरा-बारा वर्षांच्या मुलींसमोर आहे.

१९३०च्या पानावर आले आणि थबकले. जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत नावं एकामागून एक कमी होत गेलेली, आणि कारण एकच. माघ-फाल्गुनात लग्नं होतातच, पण आदल्या वर्षी आणि पुढच्या वर्षी इतकी नव्हती. जन्मतारखा बघितल्या. नऊ वर्षं, दहा वर्षं, एक सव्वाआठ. मग तारखांचा उलगडा झाला. हरविलास सारडांच्या नावाने ओळखला जाणारा शारदा कायदा १९२९च्या सप्टेंबरात झाला आणि १ एप्रिल १९३०पासून लागू झाला. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा. कायदा लागू व्हायच्या आत देशभर लोकांनी पोरींची लग्नं उरकून घेतली. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि वर्गात सांगितलंही होतं. पण मुली वाचवायला केलेला कायदा येतोय म्हणून आमच्या शाळेतले बाक कसे रिकामे झाले, ते त्या रकान्यात तारीखवार लिहिलेलं होतं. हजेरीपट काढून ताडून पाहिला. फेब्रुवारीत त्या नावांपुढे हजेरीच्या रेघा थांबतात आणि मग पान कोरं. त्या दिवशी मी पुढे काम करू शकले नाही.

त्यांच्यातलीच एक मुलगी १८३ नंबरची. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, तिच्या घरच्यांची परवानगी मी अजून घेतलेली नाही. अकराव्या वर्षी, फेब्रुवारी १९३०मध्ये शाळा सोडली, कारण लग्न. चार वर्षांनी, १९३४च्या जूनमध्ये, नव्या नंबरावर पुन्हा तीच. वडिलांचं नाव तेच, गाव तेच, जन्मतारीख तीच, आडनाव सासरचं. शेऱ्यात दोन शब्द, 'पुन्हा दाखल'. का, ते लिहिलेलं नाही. पंधरा वर्षांची मुलगी दहा-अकरा वर्षांच्या मुलींबरोबर बसली असणार. १९३८ला शाळा सोडल्याचं कारण: पुणे, ट्रेनिंगसाठी. आणि १९४०च्या मस्टरावर, शिक्षिकांच्या यादीत सगळ्यांत खाली, तिची सही. सर्व्हिस बुकातली जन्मतारीख जुळवून पाहिली तेव्हा खात्री पटली. १८३ नंबर आमच्याच शाळेत बाई होऊन परत आली होती.

हे मुलींना सांगितलं तेव्हा त्या चौघी उभ्या राहिल्या. कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढची रजिस्टरं भराभर पाहिली. १९४८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाच पेठेतल्या बऱ्याच मुलींचं 'पुण्यास गेले'. गांधीजींच्या खुनानंतर आमच्या भागात ब्राह्मणांची घरं जळाली, त्याचं नाव रजिस्टराने घेतलेलं नाही, पण गेलेल्या मुलींची आडनावं आहेत. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यानंतर महिनाभर शाळा पटांगणात भरल्याची सूचनावहीत नोंद आहे. डेड स्टॉक रजिस्टरात फुटलेल्या माठांचा आकडासुद्धा सापडला.

मुलींचं लिहिणं सापडलं ते लाकडी पेटीत. दरवर्षी शाळेत हस्तलिखित निघायचं, एकेकीने आपलं पान सुवाच्य अक्षरात लिहायचं, चित्रकलेच्या बाई वेलबुट्टी काढायच्या. त्यातलं १९४४चं जवळजवळ धड आहे. आता हे कुणी लिहिलं, त्या कुठे आहेत, हे शोधायचं तर मुलींच्या शाळेत एक मोठीच अडचण येते. रजिस्टरात माहेरचं नाव, आणि गावात कुणाला ते आठवत नाही. मुलग्यांचा मागोवा आडनावावरून लागतो. मुलींचा लावायचा तर माहेरच्या वाड्यात जाऊन, भावाच्या सुनेला विचारून, अमकी आत्या कुठे दिली होती, असं हळूहळू पुढे जावं लागतं. मी आणि मामा स्कूटरवरून तसे फिरलो. मामांना गावातल्या सगळ्या ओसऱ्या माहीत आहेत. बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळालं, "त्या गेल्या की." तीन महिन्यांनी एक पत्ता लागला. सांगलीला, मुलाकडे राहणाऱ्या आजी, वय ब्याण्णव.

हस्तलिखितातल्या त्यांच्या पानाचा मोठा प्रिंट घेऊन गेले. रजिस्टरात त्यांच्यापुढे १९४५ची तारीख आणि 'घरगुती अडचण' असं कारण होतं. आजी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. सुनेने चहा केला. मी माझं नाव, शाळेचं नाव सांगितलं, मग विचारलं, "आजी, शाळा का सोडलीत?"

"आई बाळंतपणात गेली. धाकटा भाऊ महिन्याचा. कोण बघणार त्याला?" एवढंच म्हणाल्या. ते बाळ म्हणजे पुढे बँकेतून रिटायर झालेले त्यांचे बंधू, आता तेही नाहीत. रजिस्टरातले ते दोन शब्द आणि हे, मी दोन्ही लिहून घेतलं.

मग प्रिंट त्यांच्या हातात दिला. निबंध परसातल्या शेवग्यावर होता. त्यांनी चष्मा मागितला. बराच वेळ बघत राहिल्या. अक्षरावर बोट फिरवत एका ओळीवर थांबल्या, जिथे 'फुल' हा शब्द होता आणि लाल शाईने उकार दीर्घ केलेला होता.

"हे बाईंचं," त्या म्हणाल्या.

कोणत्या बाई, मी विचारलं. त्यांनी नाव घेतलं. १८३ नंबरचं, सासरच्या आडनावासकट.

"पांढरं लुगडं नेसायच्या. कुंकू नव्हतं त्यांना. लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा गेला, असं आई सांगायची. आम्ही पोरी घाबरायचो आधी. मग नाही." थोड्या थांबल्या. "आमच्या घरी तीनदा आल्या होत्या, मला परत पाठवा म्हणून. वडील ओसरीवर बसलेले, बाई अंगणात उभ्या. आत या म्हणालं नाही कुणी. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी भावाला घेऊन दारात उभी होते. माझ्याकडे बघून म्हणाल्या, मीसुद्धा एकदा सोडली होती शाळा."

आजी शाळेत परत गेल्या नाहीत. भाऊ चालायला लागेपर्यंत त्यांचं लग्न ठरलं. त्यांच्या दोन्ही मुली मात्र पदवीधर आहेत, हे त्यांनी मला बोटं धरून सांगितलं, कुठली कुठल्या साली ते सांगत. निघताना प्रिंट उशाशी ठेवून घेतला. खाली नाव कोणतं छापू, माहेरचं की सासरचं, असं विचारलं तर म्हणाल्या, "लिहिलं तेव्हा जे होतं ते."

सांगलीहून परत आले ती थेट शाळेत. भाऊसाहेब कुलूप लावून निघाले होते, त्यांनी पुन्हा उघडलं. १९४५चं रजिस्टर काढलं, आजींचं नाव असलेलं पान उघडलं. शाळा सोडण्याचे कारण: घरगुती अडचण. आणि त्याच्या शेजारी, शेऱ्याच्या रकान्यात, ज्यावर आमची मुलगी खोडरबर फिरवायला निघाली होती त्या पेन्सिलीच्या बारीक अक्षरात तीन तारखा. एक जूनमधली, एक जुलैमधली, एक दिवाळीनंतरची.

मागची पानं उलटली. 'घरकाम'पुढे दोन तारखा. 'मोठी झाल्यामुळे'पुढे चार. 'लग्न'पुढे एक. काही नावांपुढे तारखांखाली रेघ ओढलेली आहे, आणि त्या मुलींची नावं पुढच्या पानांवर नव्या नंबराने पुन्हा येतात.

त्या तारखा आता मी वेगळ्या वहीत उतरवून घेते आहे, नाव, कारण, बाई किती वेळा गेल्या, मुलगी परत आली की नाही. पेन्सिल पुसट झालीय, भिंग लागतं, आणि संध्याकाळी पाचनंतर दिसत नाही. काल पान ११२ झालं.